उजवीकडून ओढलेली रेघ

४ ऑक्टोबर, रविवार

दादा,

तुझा पत्ता माझ्याकडे नाही. विमा कंपनीत तीन नंबरच्या खिडकीवर ज्या बाई बसतात, त्या म्हणाल्या, "पत्ता देता येत नाही. पत्र बंद पाकिटात द्या, मी पुढे पाठवते. उत्तराची हमी नाही." मी म्हटलं, "हमी देणं हाच तर तुमचा धंदा आहे ना?" त्यांनी चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "आधी जिभेचा विमा काढा स्वतःच्या." पाकीट मात्र घेतलं.

तू गेलास तेव्हा मी तेरा वर्षांची होते. आता बावीस पूर्ण. पदवी मिळाली. आपल्या घरात पहिलीच. भाषांतराच्या एका कचेरीत नोकरी करते. चष्म्याच्या दुकानावर एक खोली, चार टेबलं, पंखा एकच. जर्मनमधली कागदपत्रं माझ्याकडे येतात. यंत्रांची माहितीपुस्तकं, करारनामे, वॉरंटीची कार्डं. आप्पा शेजाऱ्यांना सांगतात, "पोरगी परदेशी कागद वाचते." जणू हात बघून भविष्य सांगते.

मुद्द्यावर येते. यंदा तुझा हयातीचा दाखला आला नाही.

तू दर सप्टेंबरात कोणा अधिकाऱ्यासमोर सही करून कंपनीला कळवतोस की तू जिवंत आहेस, आणि कंपनी त्याची एक प्रत आप्पांना पाठवते. तुझ्या पत्त्यावर काळी पट्टी असते. तशी मागणी तूच केली आहेस, असं बाई म्हणाल्या. सही आणि अधिकाऱ्याचं पद तेवढं दिसतं. तुला वाटत असेल, आप्पा ते कागद कुठेतरी टाकून देत असतील. त्यांनी नऊच्या नऊ प्रती बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवल्या आहेत, मलाही हे गेल्या महिन्यातच कळलं. नवीन प्रत आली की ते सगळ्या ओळीने खाटेवर मांडतात म्हणे, आणि उजव्याची बोटं गेल्यावर तू डाव्या हाताने शिकलास ती सही बघत बसतात. "पहिल्या वर्षी बघ, डावा हात कसा घाबरलाय. तिसऱ्या वर्षी बसला. ही पाचवी, तेव्हा घाईत होता." सहीवरच्या रेघेवरून सुद्धा सांगतात. उजव्या हाताचा माणूस नावावरची रेघ डावीकडून ओढतो, तू उजवीकडून ओढतोस, म्हणून उजवीकडे जाड आणि डावीकडे शेपटीसारखी बारीक. आयुष्यभर लेथवर केसाएवढा फरक मोजलेला माणूस, त्याला ते दिसतं.

आणि पदांवरून तुझी जिंदगी रचतात. एका वर्षी दवाखान्यातले डॉक्टर होते, तेव्हा महिनाभर धास्तावले होते. मग दोन वर्षं बंदर कार्यालय. "मालाच्या कामावर असणार. हवा चांगली असते तिकडे." गेल्या वर्षी शिक्का होता मुख्याध्यापकांचा. आप्पा म्हणे दोन दिवस हसत होते. "शाळेत नोकरी तर लागायची नाही त्याला, दहावीत दोनदा बसलेला. म्हणजे पोर शाळेत घातलं असणार!"

तर यंदा प्रत आलेली नाही. कंपनीत काहीतरी घोळ असेल. तू सही केली असशीलच. एवढं कळव.

आप्पा बरे आहेत. थोडा खोकला आहे.

तुझी धाकटी

११ ऑक्टोबर, रविवार

दादा,

मागच्या पत्रात मी कंपनीचा घोळ म्हटलं. घोळ कंपनीचा नाही, माझा आहे.

फेब्रुवारीत आप्पा कारखान्यातून निवृत्त झाले. त्या आठवड्यात त्यांनी कपाटातून एक करारनामा काढून माझ्यापुढे ठेवला. "तुला ही भाषा येते ना? मी सही केली तेव्हा साहेबाने तोंडी सांगितलं होतं. दहा वर्षं झाली, खरं काय लिहिलंय ते कळू दे." तुझी बोटं ज्या यंत्रात गेली ते यंत्र बाहेरून आलेलं, त्याच्याबरोबर विमाही तिथलाच, म्हणून मूळ कागद जर्मनमध्ये. मी उत्साहाने बसले. घरच्या कागदावर आपली विद्या वापरायला मिळतेय म्हणून मला अभिमान वाटत होता, हे कबूल करते.

पहिल्याच ओळीत ठळक अक्षरात एक शब्द होता. लाइबरेंटे. त्या भाषेत दोन शब्द जोडून एक करायची सवय आहे. लाइब म्हणजे शरीर. रेंटे म्हणजे ठरावीक मुदतीने हाती येणारी रक्कम. खाली लिहिलं होतं की ही रक्कम अमुक व्यक्तीच्या जिवावर मोजली जाईल, ती व्यक्ती जिवंत असेतोवर मिळेल, आणि घेणारे तिचे वडील असतील. अमुक व्यक्ती म्हणजे तू.

मला तोपर्यंत ठाऊक नव्हतं, दादा. माझी फी आप्पांच्या ओव्हरटाइममधून जाते असंच मला सांगितलेलं होतं. तुझी नुकसानभरपाई तू घेऊन गेलास आणि आम्हाला विसरलास, असं मी समजत होते. मैत्रिणींना तसं सांगितलंही आहे.

मी आप्पांना म्हटलं, "हे शरीराचं उत्पन्न आहे. दादाच्या शरीराचं. आणि खाल्लं कोणी? मी." आप्पा म्हणाले, "म्हणजे बोटं गेली तर चालू, माणूस गेला तर बंद. साहेबाने हेच सांगितलं होतं. शब्द तेवढा मोठा आहे." मग म्हणाले, "त्याला एकदम रक्कम हवी होती. दुरुस्तीचं दुकान काढायचं होतं. मी म्हटलं एकदम पैसा टिकत नाही, महिन्याने घेऊ, पोरगी तरी शिकेल. सतरा वर्षांचा होता. सही माझी चालली." त्यावरून तुमचं वाजलं, हेही तेव्हाच समजलं.

मी कशी आहे तुला माहीत आहे. लहानपणी दुकानदाराने जास्त सुटे दिले तर परत द्यायला पळायचे. तू मला मास्तरीणबाई म्हणायचास. मी आप्पांना दोन दिवस तत्त्वं ऐकवली. शेवटी अर्ज लिहिला: ही रक्कम माझ्या मुलाची आहे, यापुढे ती त्यालाच मिळावी, माझा हक्क मी सोडतो. आप्पांनी वाचलाही नाही. "तू शिकलेली, तुला कळतं," म्हणाले आणि सही केली. अर्ज मार्चमध्ये गेला. मला फार हलकं वाटलं होतं.

डबा त्यांनी मला दाखवला सप्टेंबरात. रोज पोस्टमनची वाट बघायला लागले तेव्हा मी विचारलं, कसली वाट बघताय, आणि त्यांनी डबा उघडला. दाखल्याची प्रत फक्त पैसे घेणाऱ्याला जाते. आप्पा आता पैसे घेणारे राहिलेले नाहीत. मी पैसे परत केले आणि त्यांच्याबरोबर तुझी सहीही.

एक सांगायचं राहिलं. तो शब्द मी कचेरीतल्या जाड कोशात नंतर पाहिला. लाइब म्हणजे आज शरीर, पण जुन्या भाषेत त्याचा अर्थ होता जीव, आयुष्य. ज्या मुळापासून तो आला, त्याच मुळापासून त्यांचं 'राहणं, मागे उरणं' हे क्रियापदही आलंय. आणि रेंटे फ्रेंचमधून आला, त्याच्याही मागे लॅटिन, 'परत देणं'. म्हणजे कोणी राहिलेलं आहे तोवर परत येत राहतं, ते. कोशात टीपही होती. फार पूर्वी एका शहरातल्या सावकारांनी तीस धडधाकट मुली निवडून त्यांच्या आयुष्यावर अशा रकमा लावल्या होत्या. एखादी शिंकली तरी सावकारांची झोप उडत असेल.

शब्द आधी नीट कळला असता तरी मी तोच अर्ज लिहिला असता. उगाच शब्दावर ढकलत नाही. पण आप्पांना सांगितल्यावर ते म्हणाले, "मुलींचे बापही झोपत नसतील."

सही पाठव. कोऱ्या कागदावरही चालेल.

तुझी धाकटी

२५ ऑक्टोबर, रविवार

दादा,

मी एक वाईट काम केलं आहे.

सोमवारी खिडकीवर गेले होते. बाईंना सगळं खरं सांगितलं. म्हटलं, प्रत नको, फक्त दाखला आलाय का एवढं सांगा. त्यांनी आधी नियम ऐकवला. मग मागे जाऊन फाइल बघून आल्या आणि बसता बसता म्हणाल्या, "आलेला नाही. नऊ वर्षं पहिल्या आठवड्यात यायचा. यंदा दोनदा स्मरणपत्र गेलं." मागचा माणूस म्हणाला, "बाई, झालं असेल तर सरका." त्या त्याला म्हणाल्या, "तुमची पॉलिसी वीस वर्षांची आहे, दोन मिनिटांत बुडत नाही." मग मला हळू आवाजात, "घाबरू नका. रक्कम आता त्याच्या नावावर झालीय. आधी बापासाठी सही करत होता. स्वतःसाठी करावीशी वाटत नसेल. असतात अशी माणसं." मला ते पटलं आणि नाहीही पटलं.

घरी आले तर आप्पा खिडकीशी. त्यांची खाट आता खिडकीला लावली आहे. "आला का गं?" मी म्हटलं, पोस्टाचा गोंधळ चालू आहे. रोज तेच सांगत होते. बुधवारी ते म्हणाले, "पोस्टमनला मी विचारलं. गोंधळ-बिंधळ काही नाही म्हणाला."

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत कचेरीत मी एकटीच होते. गेल्या वर्षीची प्रत डब्यातून आणली होती. सहीवर कागद लावून झेरॉक्स काढली. तारीख बदलली. जुनीच सही ठेवली असती तर आप्पांनी लगेच ओळखली असती, ते दर वर्षीची सही ताडून बघतात. म्हणून नवी केली. तीस-चाळीस वेळा गिरवली. अक्षरांचा कल जमला, शेवटचा काना जमला. मग कागदाला पुन्हा झेरॉक्स. हुबेहूब झाली. मी, जी परीक्षेत शेजारच्या बाकाकडे मान वळवत नव्हती.

संध्याकाळी आप्पांच्या हातात दिली. "आली बघा." त्यांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, बरं केलं मी. त्यांनी कारखान्यातलं जुनं भिंग काढलं, उशीला टेकून कागद उजेडाकडे धरला. मग भिंग खाली ठेवलं.

"रेघ डावीकडून आलीय."

मी काही बोलले नाही.

"अक्षर चांगलं काढलंस." आणि मग, अगदी साध्या आवाजात, जसं बस कितीची आहे विचारावं तसं: "कधी गेला?"

दादा, मला आधी कळलंच नाही ते काय विचारतायत. कळल्यावर मी ओरडलेच, "तसं नाही आप्पा! गेलेला नाही तो!" सगळं सांगितलं. अर्ज, नियम, खिडकी, बाई. शपथा घेतल्या. ते ऐकत होते. शेवटी माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "तू शिकलेली आहेस. वाईट बातमी कशी गुंडाळायची ते तुला येतं. राहू दे."

माझ्यासारखी मुलगी खोटी सही कधी करेल? तो नसेल तेव्हाच. त्यांचा हिशेब सरळ आहे. मी आजवर कधी खोटं बोलले नाही, म्हणूनच आता माझ्या खऱ्यावर त्यांचा विश्वास बसत नाही.

तुझी खरी सही हवी आहे. दुसरं काही चालणार नाही.

तुझी धाकटी

८ नोव्हेंबर, रविवार

दादा,

आप्पांना खोकला नाही. म्हणजे आहे, पण तो कशाचा ते मी लिहिलं नव्हतं. फुफ्फुसात पाणी होतंय. दोनदा काढलं, पुन्हा भरतं. डॉक्टर म्हणाले, तीन आठवडे, फार तर चार. मला वाटलं होतं, आजारपणाचं लिहिलं तर तुला वाटेल, मरणाची भीती घालून बोलावतायत. आता काही वाटलं तरी चालेल.

तू गेलास असं धरून त्यांनी सगळं आवरायला घेतलंय. पोस्टमन आला तरी मान वळवत नाहीत. तुझी हत्यारांची पेटी कॉटखाली होती, ती काढायला लावली. पाने, कानस, कॅलिपर, सगळं पुसून घेतलं माझ्याकडून. "गंज लागू द्यायचा नाही. कोणीतरी वापरेल."

आणि ते तुझ्याबद्दल बोलतात! नऊ वर्षांत जे बोलले नाहीत ते सगळं. तू लेथवर पहिला पार्ट काढलास तो इतका वाकडा की शेठ म्हणाला, याचा छत्रीचा दांडा करा. पहिल्या पगारात मला कंपासपेटी आणलीस आणि आप्पांना काहीच नाही, मग रस्त्यात आठवण झाली म्हणून अर्धी खाल्लेली शेंगदाण्याची पुडी दिलीस. हे सांगताना ते हसतात आणि मग खोकला येतो. मी पाठ चोळते. मला कधी कधी वाटतं, असंच राहू द्यावं. गेलेल्या मुलावर त्यांचा राग उरलेला नाही.

पण परवा दुपारी त्यांनी जे सांगितलं, त्यानंतर मला असं राहू देता येत नाही.

म्हणाले, "जाळी मी काढली होती."

यंत्राच्या तोंडावरची जाळी. ती लावली की प्रत्येक पार्टला काही सेकंद जास्त जातात. त्या आठवड्यात ऑर्डर तुंबली होती, आप्पा तेव्हा मुकादम. सकाळी त्यांनी स्वतः चार स्क्रू काढले आणि जाळी भिंतीला टेकवून ठेवली. दुपारी तुझा हात गेला. "तपासणीवाला आला. पोराला विचारलं, जाळी होती का. तो म्हणाला, आठवत नाही. हाताला एवढं फडकं गुंडाळलेलं, आणि माझ्याकडे बघून म्हणाला, आठवत नाही. आठवत होतं त्याला. सकाळी स्क्रू त्यानेच तर हातात धरले होते."

मी विचारलं, "मग नंतर तुम्ही कधी बोललात त्याच्याशी?"

"काय बोलणार? पैशावरून भांडलो. ते सोपं होतं."

थोड्या वेळाने म्हणाले, "त्याला सांगायचं होतं. आता राहिलं."

दादा, ते राहिलेलं नाही. तू आहेस असं मी धरून चालते आहे. मलाही खात्री नाही, हे आज पहिल्यांदा लिहितेय. रोज सकाळी कचेरीत जाताना जिन्यात मला वाटतं की तू नसशील, आणि शेवटच्या पायरीवर वाटतं की असशील. तू असशील तर सही कर. यायचं नसेल तर येऊ नकोस. बोलायचं नसेल तर बोलू नकोस. फक्त सही.

तुझी धाकटी

२० नोव्हेंबर, शुक्रवार

दादा,

आली.

आज सकाळी अकराला कचेरीत फोन. "तीन नंबरची खिडकी बोलतेय. मी तुम्हाला काही सांगत नाहीये, समजलं ना? दाखला आलाय. सही आहे, शिक्का आहे, पत्र-बित्र काही नाही." मी तशीच घरी धावले. एक चप्पल जिन्यात तुटली, ती हातात घेऊन.

आप्पांना सांगितलं. त्यांनी डोळेही उघडले नाहीत. "बरं," म्हणाले. लहान मुलाला म्हणतात तसं.

मी खिडकीवर फोन लावला आणि स्पीकर चालू करून उशीवर ठेवला. "बाई, माझ्या वडिलांशी बोला."

"अहो, इथे रांग आहे."

"त्यांना फार दिवस नाहीत."

बाईंचा आवाज बदलला. "नमस्कार काका. मुलाचा दाखला आलाय तुमच्या. माझ्यासमोर आहे."

आप्पांनी डोळे उघडले. माझ्याकडे बघून म्हणाले, "हिने शिकवलंय तुम्हाला."

"मला शिकवणारी अजून जन्माला यायचीय. तीस वर्षं झाली या खिडकीवर."

आप्पा म्हणाले, "नावावरची रेघ बघा. कुठून निघालीय?"

"रेघ? काका, हजारो सह्या बघितल्या, रेघ कुठून निघते असं कोणी विचारलं नव्हतं." खण उघडल्याचा आवाज आला, भिंग शोधत असाव्यात. कोणीतरी मागून ओरडत होतं, बाई म्हणाल्या, "थांबा हो, माणसाचा प्रश्न आहे." मग सावकाश, शब्द शब्द: "उजवीकडे जाड आहे. डावीकडे बारीक होत गेलीय. आणि शेवटी... जरा खाली वळलीय."

"वळलीय?"

"वळलीय. टाचणीच्या टोकाएवढी."

आप्पांचा हात माझ्या हातात होता. तो घट्ट झाला. "हो," म्हणाले. "गेल्या वर्षीपासून वळवतो." मग, "शिक्का कोणाचा?"

"ते सांगता येत नाही." थोडं थांबून, "मुख्याध्यापक. पण मी काही बोलले नाही."

"पोर पुढच्या वर्गात गेलं असेल," आप्पा म्हणाले.

बाई म्हणाल्या, "गेलंच असेल की काका." आणि फोन ठेवला. त्यांना नाक शिंकरायचं होतं, मला ऐकू आलं.

तर त्यांचा विश्वास बसला. तू माझी पत्रं वाचलीस, हे मला कळलं. एक ओळही लिहिली नाहीस, चालेल. पत्ता झाकलास, चालेल. तू आहेस. मी दुपारभर ते दोन शब्द मनात म्हणत होते.

आप्पा त्यानंतर आणखी काही बोलले. ते पुन्हा कधी लिहीन.

तुझी धाकटी

६ डिसेंबर, रविवार

दादा,

आप्पा गेले. मागच्या रविवारी, सकाळी साडेनऊला. मी पाणी आणायला स्वयंपाकघरात गेले होते. परत आले तर नव्हते.

ते फोननंतर काय बोलले, ते मी त्या दिवशी लिहिलं नाही. लिहिलं असतं तर तू कदाचित आला असतास, किंवा कधीच आला नसतास. मला ठरवता आलं नाही. आता लिहिते, कारण ते तुझं आहे, माझ्याकडे ठेवायचा मला हक्क नाही.

फोन ठेवल्यावर ते बराच वेळ छताकडे बघत राहिले. मला वाटलं, सुखाने. मग म्हणाले, "आहे तो."

"आहे ना आप्पा. सांगत होते ना मी!"

"मग येत का नाही?"

त्या दिवसापासून त्यांनी मान पुन्हा दाराकडे वळवली. जिन्यात पाय वाजला की बघायचे. वरच्या मजल्यावरचा माणूस कामावरून येतो त्याचा, दूधवाल्याचा, माझा. माझा पाय ओळखायचे, तरी बघायचे. तू गेलास असं धरून होते तेव्हा ते तुझ्या गोष्टी सांगून हसत होते. तू आहेस म्हटल्यावर एकही गोष्ट सांगितली नाही. नऊ दिवस.

मी आधी अर्ज केला, खरं म्हणून. मग खोटी सही केली, मायेने. मग खरी सही मिळवली, कारण त्यांना खरं कळायला हवं होतं. तिन्ही वेळा मला वाटलं होतं, मी बरोबर करतेय. कॉलेजमध्ये शिकवलं होतं की सत्य माणसाला मोकळं करतं. आप्पांना त्याने दाराकडे बघायला लावलं. मी हे तुझ्यावर टाकत नाहीये. तू एकदा बापाकडे बघून 'आठवत नाही' म्हणालास, ते कोणाच्याही येण्यापेक्षा मोठं होतं. ते आप्पांनाही माहीत होतं. म्हणूनच तर ते स्वतःहून तुला 'ये' म्हणू शकले नाहीत.

जाळीबद्दल त्यांना तुला सांगायचं होतं, ते मी आधीच्या पत्रात लिहिलंच आहे. शेवटच्या दोन दिवसांत त्यांनी आणखी एकदा विषय काढला. म्हणाले, "आला तर सांग, स्क्रू मी काढले." मी म्हटलं, त्याला माहीत आहे आप्पा. म्हणाले, "माहीत असणं वेगळं. सांगायचं असतं."

तर सांगितलं.

काल मी खिडकीवर गेले, आप्पांचा मृत्यूचा दाखला द्यायला. बाईंनी तो घेतला, दोनदा शिक्का मारला आणि म्हणाल्या, "बसा." तिथे बसायला खुर्ची नाही, त्यांनी आतून आपली दिली. मी विचारलं, दादाच्या दाखल्याची प्रत आता मला मिळेल का, बहीण म्हणून. पैसे नकोत, नुसती प्रत. त्या म्हणाल्या, "नुसती प्रत असं काही नसतं. प्रत पैशाच्या मागे जाते. रक्कम त्याच्या नावावर आहे, आणि मार्चपासूनचा एकही हप्ता त्याने उचललेला नाही. सगळे परत आलेत. आताही सही केलीय ती काही पैशासाठी नाही. पुढच्या वर्षी करेल असं मला वाटत नाही."

मलाही वाटत नाही. तू स्वतःसाठी सही करणारा माणूस नाहीस.

म्हणून विचारलं, घेणारी म्हणून माझं नाव घालता येतं का. त्यांनी नियमांचं पुस्तक काढलं. येतं, पण ज्याच्या आयुष्यावर रक्कम मोजतात त्यानेच तसं लिहून द्यावं लागतं. रक्कम कमीत कमी किती, तर पुस्तकात एक आकडा आहे, त्यात एक वेळचा चहा होईल. उरलेली तुझी तुझ्याकडे. बाई म्हणाल्या, "एवढ्यासाठी कोणी फाइल उघडत नाही." मग म्हणाल्या, "मी उघडते. निवृत्त व्हायला दोन वर्षं आहेत मला. दोन सप्टेंबर तरी बघून देईन."

दादा, मी तुला ये म्हणत नाही. आपण बोलूच असंही म्हणत नाही. वर्षातून एकदा कोणातरी मुख्याध्यापकासमोर बसून नाव लिहायचं, एवढंच. मला आप्पांसारखी सही वाचता येत नाही, पण मी शिकेन.

फॉर्म सोबत जोडला आहे. सातव्या ओळीत घेणाऱ्या व्यक्तीचं नाव लिहायचं आहे. बाई म्हणाल्या, तुम्हीच भरून द्या, तो फक्त सही करेल. मी ती ओळ कोरी ठेवली आहे. तुझ्या कागदावर माझ्या हाताने मी आता एक अक्षरही लिहिणार नाही.

तुझी धाकटी